दोन आठळ्या

माझ्या बायकोला माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे. हे नाही. देवापुढे हात जोडतानाही हे मी बाजूला ठेवत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आम्हा कुणालाच ओळखत नाही — आणि गेल्या महिन्यापासून गप्प बसणं जमत नाही.

मी रत्नागिरीजवळच्या एका गावात गणित शिकवतो. निवडणूक आली की मतमोजणीला मला हमखास बोलावतात. आकडा जुळेपर्यंत हा माणूस उठत नाही, असं म्हणतात. कोणी असं म्हटलं की मी विषय बदलतो.

गेल्या महिन्यात विलास आला होता. माझा शाळासोबती, आता कॅनडातल्या एका शहराचा महापौर. आमच्या जुन्या शाळेत त्याचा सत्कार होता आणि परिचय लिहायचं काम माझ्याकडे. लिहिला. सातवीनंतर अलोऱ्याला मामाकडे राहून शिक्षण, मुंबईत इंजिनिअर, मग तिकडच्या पाणीखात्यात नोकरी. पहिली निवडणूक हरला. पुढे नगरसेवक, मग महापौर, तोही दोनदा. बर्फावर म्हातारी माणसं घसरतात म्हणून मोठ्या रस्त्यांच्या आधी पायवाटांवर बर्फ वितळवायचं मीठ टाकायला लावणारा — तिथे त्याची ओळख ही. चांगला माणूस आहे. त्याला यातलं काही माहीत नाही.

पण प्रत्येक भाषणात तो एक गोष्ट सांगतो. सातवीत तो शाळेचा मुख्यमंत्री झाला, एका मताने. तिकडे हरल्यावर पुन्हा उभं राहायचं बळ त्या एका मताने दिलं, म्हणतो. परिचयात ते वाक्य मीच घातलं. स्वच्छ अक्षरात.

आमच्या शाळेत मतदान बियांनी व्हायचं. विलासला मत म्हणजे काजूची बी. सुनंदाला मत म्हणजे आठळी, फणसाची. फडकं बांधलेल्या मडक्यात मूठ घालायची, बी सोडायची. कोणी काय टाकलं, दिसायचं नाही. सुनंदा बौद्धवाडीतली. वाचनात पहिली, बोलायला धीट. मोजणी गुरुजींनी माझ्याकडे दिली — गणितात मी पहिला ना. मडकं घेऊन मी मागच्या पडवीत बसलो. एकटाच.

मोजलं. परत मोजलं. आणि मग — खेळायच्या काजूबिया माझ्या खिशात कायम असायच्या. दोन आठळ्या उचलल्या, दोन काजूबिया ठेवल्या. मुलं एकोणचाळीस, बिया एकोणचाळीस. बेरीज जुळली की पुढे कोणी विचारत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

का केलं? मित्रासाठी, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं. ते खोटं आहे. शाळेचा मुख्यमंत्री रोज सकाळी रांगा लावायचा. तिच्या हुकमावर सावधान उभं राहणं मला नको होतं. ती मुलगी म्हणून? की वाडीतली म्हणून? दोन्ही.

त्या आठळ्या आईला माझ्या खिशात सापडल्या. तिने त्या भाजीत टाकल्या. मी खाल्ल्या.

सुनंदाची शाळा सातवीनंतर सुटली. निवडून आली असती तर शिकली असती का? एकावरून दुसरं सिद्ध होत नाही, हे मी वर्गात शिकवतो. घरी येताना मात्र ते पटत नाही.

आता ती त्याच शाळेत मुलांची खिचडी शिजवते. सत्काराच्या दिवशी चहा तीच देत होती. विलास माईकवर त्या एका मतापाशी आला, आणि ती ट्रे घेऊन माझ्यापुढे थांबली.

"गुरुजी, बिया तेव्हा तुम्हीच मोजलेल्यात ना?"

"हो."

"मग बरोबरच असणार. तुमचं गणित कधी चुकलंय होय?" ती हसली. "पण मला काय झालं माहीत आहे? माझं धरून एकवीस होत होती. एकेकाला विचारून ठेवलेलं मी. निघाली एकोणीस. म्हणजे दोघं तोंडावर खोटं बोलली."

मी कप उचलला.

"माझा वहीम शांतावर नि कुसुमवर. वाडीतल्याच माझ्या मैत्रिणी, पण विलासच्या आईकडे कामाला जायच्या. बोलणं टाकलं ते टाकलंच. कुसुम गेली मागच्या साली. मी नाय गेले बघायला." मग विलासकडे बघत म्हणाली, "जाऊ दे. माणूस मोठा झाला ना आपला? साखर बरोबर आहे काय?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. ती पुढच्या खुर्चीकडे गेली. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. शांता अजून त्याच वाडीत राहते, सुनंदाच्या घरापासून चार घरं सोडून.

शांता खोटं बोलली नव्हती. कुसुमही नाही. सुनंदा एकवीस, विलास अठरा.