शिवेवरची हाक

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला वरीस झालं होतं. आळंदच्या बाजारातून परतताना माझी तान्ही गंगी बैलगाडीत गाढ झोपायची आणि घरी आली की टक्क जागी. तिला वाटेत जागवावं की झोपू द्यावं, मला काही म्हणता काही कळायचं नाही.

त्या दिवशी गाडीत एक अनोळखी बाई बसली. कपाळावर विभूती, मांडीवर घडी घातलेलं पांघरूण. ते ती सारखं थोपटत होती. गंगी पेंगली तशी मी "गंगे, गंगे" करत तिला हलवायला लागले.

"कामून उठवायलीस माय? शीव आली की नावानं हाक मार. न्हाईतर लेकराची झोप तिथंच मागं राहते."

मला हसू आलं. पण शिवेच्या दगडापाशी तिनंच गाडी थांबवली आणि मागं वळून साद घातली, "गंगे, चल गं घरी!" मग जरा थांबून, "सिद्धू, तू बी चल रे!"

गाडीत सिद्धू नावाचं कुणीच नव्हतं.

गंगी त्या रात्री निवांत झोपली. हाकेनं की दमून, देव जाणे. तेव्हापासून शिवेवर मी दोघांनाही बोलावते. सिद्धू आलाच तर कुणाच्या घरी पोचवायचा, तेवढं विचारायचं राहून गेलं.