दादाने बसवलेलं बेअरिंग

गॅरेजमध्ये पाने हरवतात, नट हरवतात, गिऱ्हाईकं तर हमखास हरवतात. किस्से मात्र नखातल्या ग्रीससारखे साचत जातात, कितीही घासा. कसबा पेठेतल्या आमच्या गॅरेजचे हे थोडे किस्से, बहुतेक सगळे एकाच चाकाचे.

*

आधी आमची रीत सांगतो. कुठलंही चाक उघडलं की आधीच्या मेकॅनिकला शिवी घालायची, मगच पुढचं काम. माझा मोठा भाऊ, दादा, यात उस्ताद.

एकदा एका गाडीचं चाक उघडून तो ओरडला, "कुठल्या गाढवाने ठोकलंय हे सील?"

गाडीमालक शांतपणे म्हणाले, "तुम्हीच. गेल्या दिवाळीत."

दादाने मान वर केली नाही. "म्हणूनच टिकलं," म्हणाला.

*

दादा श्रावणात गेला. झोपेतच. त्याची स्वतःची जुनी जीप गॅरेजच्या दारात जॅकवरच राहिली. पुढचं एक चाक काढलेलं. त्यानेच कधीकाळी बसवलेलं बेअरिंग तो बदलणार होता.

तेरावं झाल्यावर लगेच गल्लीतले गोडबोले आले. "गाडी आहे की स्मारक?"

मी अंगावर धावून गेलो. पोपटकाकांनी, म्हणजे आमच्या जुन्या मिस्त्रींनी, मागून माझी कॉलर धरली. गोडबोले जागचे हलले नाहीत. तुमचं दुःख मान्य, पण गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही, म्हणाले. रविवारपर्यंत जीप चाकांवर उभी राहिली नाही तर भंगारवाल्याला ते स्वतः बोलावणार होते.

दादाची जीप भंगारात! मी त्याच दुपारी पाना उचलला.

*

चाकामागचा हब ओढून काढला. त्यातलं सील असं चिकटलेलं की तुकड्यातुकड्यानेच निघालं. बेअरिंगची आतली रिंग तर ॲक्सलवरच बसून राहिली, जणू तिथेच उगवली होती.

काकांनी सवयीने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "छान बसवलंय हो."

माझं डोकंच फिरलं. मी स्क्रूड्रायव्हर भिंतीवर फेकला. "काका, शिवी घाला. नेहमीसारखी."

"गेलेल्या माणसाला कशी घालू रे?"

मग दोन दिवस असेच. जो येईल तो वाकून बघणार आणि दादाच्या हाताचं कौतुक करून जाणार. रिंग तिथेच.

*

रिंग ओढून काढायचा पुलर लावला, तर पुलरचाच पाय तुटला. काका थांब थांब म्हणेपर्यंत मी गॅसची ज्योत धरली. रिंग ढिम्म, ग्रीसने मात्र पेट घेतला. ओलं पोतं टाकून विझवलं, पण धूर वर गेलाच.

वरच्या गॅलरीतून गोखलेकाकू म्हणाल्या, "काय शिजवताय ते विचारत नाही. आमच्या साड्या वाळतायत, एवढंच सांगते."

*

समोरच्या झेरॉक्सवाल्याने मोबाइलवर व्हिडिओ आणून दाखवला. त्यात एक माणूस दोन टोल्यांत रिंग काढत होता. काकांनी तो पूर्ण पाहिला, चष्मा कपाळावर ढकलला.

"हा काढलेलीच काढतोय," म्हणाले.

*

शनिवार उजाडला. काकांनी ग्राइंडरने रिंगला खाच पाडली. आता तिथे छन्नी टेकवून एक जोराचा घाव घातला की रिंग तडकणार. पण काकांचा घाव हळू पडला. म्हणाले, तू मार. मी मारला, तोही हळू. एरवी पाने फेकणारा मी! आम्ही दोघं एकमेकांवर चिडून आळीपाळीने त्या रिंगला थोपटत बसलो होतो.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. दादा गेल्यापासून ती गॅरेजकडे फिरकली नव्हती. थोडा वेळ तिने आमचं थोपटणं पाहिलं.

"कुणी बसवलं हे?"

"दादाने," मी म्हणालो.

तिने डबा बाकावर ठेवला, ओढणी खोचली आणि माझ्या हातातली हातोडी घेतली. काका दोन्ही हातांनी छन्नी धरून बसले.

"अहो," वहिनी ॲक्सलकडे बघून म्हणाली, "एवढं घट्ट बसवायचं असतं? मागे दुसऱ्या कुणाला काढावं लागेल, याचा कधी तरी विचार केलात?"

आणि असा घाव घातला की रिंग उभी तडकून खाली पडली.

वहिनीने हातोडी मला परत दिली आणि हात पुसले.

"हं," म्हणाली. "आता जेवून घ्या."