मास्तर उभे का राहिले

एकतीस वर्षं जो माणूस बसून काम करत होता, तो एका मंगळवारी तालमीला उभा राहिला आणि साऱ्या नाटकमंडळीला कोडं पडलं.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण अडलेल्याला पुढचा शब्द सांगतो तो मास्तरच, एवढा साधा हिशेब. काम प्रॉम्प्टरचं. डाव्या विंगेमागे एक बुटकी लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर मास्तर, मांडीवर नाटकाची वही आणि विंगेच्या कापडात सुतारानं बरोबर त्यांच्या तोंडाच्या उंचीवर ठेवलेली वीतभर फट. त्या फटीतून त्यांची कुजबूज निघे ती थेट नटाच्या कानात. पहिल्या रांगेला पत्ता लागत नसे. तरुणपणी ते नट व्हायला आले होते. तीन वाक्यांची भूमिका, आणि तिन्ही वाक्यांना दातखीळ बसली. पण विंगेत परतल्यावर त्यांनी बाकी सगळ्यांची वाक्यं बिनचूक पुटपुटलेली कुणीतरी ऐकली, आणि त्या दिवसापासून ट्रंक त्यांची झाली.

त्या फटीतून दिसायचे ते नटांचे कमरेखालचेच भाग. चेहरे मास्तरांना चहाच्या वेळी भेटत. नाटक चालू असताना ते माणसं वाचत ती पायांवरून आणि हातांवरून. नायकाची बोटं कोटाच्या खालच्या गुंडीशी चाळा करू लागली की समजायचं, वाक्य निसटलं. या नायकाचा आवाज घंटेसारखा आणि आठवण चाळणीसारखी. वाक्य विसरला की तो मान डावीकडे झुकवून हनुवटी छातीला लावी. प्रेक्षक म्हणत, काय चिंतन आहे. चिंतन कसलं, तो फटीला कान लावत असे.

मंगळवारी नायकानं सवयीनं मान खाली घातली आणि आवाज आला वरून, तोही कापडात गुदमरून. नायक बराच वेळ गालिच्याकडे बघत राहिला.

"मास्तर, आहात ना?"

"आहे."

"मग वर कुठे गेलात?"

वरून पुढचं वाक्य आलं, उत्तर नाही. मग तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, रुसलेत. कुणी म्हणालं, नवस असेल. सुतारानं ट्रंक उलटी करून ढेकूण शोधले आणि एकही सापडला नाही म्हणून त्यालाच वाईट वाटलं.

खरं कारण एकट्या मास्तरांना ठाऊक होतं. तीन आठवडे शौचाला रक्ताचे थेंब पडत होते. आग अशी की ट्रंकेवर बसलं की निखाऱ्यावर बसल्यासारखं होई. मोठा भाऊ आतड्याच्या दुखण्यानं गेला, त्याचीही सुरुवात अशाच लाल थेंबांनी झाली होती. नवं नाटक रविवारी दुपारी उघडणार. डॉक्टरनं झोपवून ठेवलं तर नायक दोरीशिवाय विहिरीत उतरणार. म्हणून मास्तरांनी तोंडाला कुलूप लावलं. बायकोलाही सांगितलं ते एवढंच, पाठ धरली आहे.

पण कपडेपटातल्या आक्कांच्या नजरेतून सुटणं कठीण. बुधवारी मास्तर मखमली पडद्याच्या घडीवर एका अंगावर कलून टेकले होते. आक्कांनी शिवणाचं मशीन थांबवलं.

"दुखतंय कुठे?"

"पाठ."

"मास्तर, मी सोळा वर्षं या मशीनवर बसते आहे. वर दोन बाळंतपणं. पाठ दुखणारा माणूस असा बसत नाही."

मास्तर वहीची पानं सारखी करू लागले.

"रक्त पडतं?"

त्यांनी मान डोलावली.

"मग मलम मला विचारू नका. माझ्याकडे आहे, पण देणार नाही. आधी दाखवून या, मग काय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. तपासून झाल्यावर हात धूत त्यांनी विचारलं, "शौचाला किती वेळ बसता?"

"एक अंक."

"म्हणजे?"

"सकाळी तिथेच वही वाचतो. घरात दुसरीकडे शांतता नाही. एक अंक वाचून होतो."

"लहान अंक की मोठा?"

"पहिला. चाळीस मिनिटांचा."

बाई हसू दाबून म्हणाल्या, "काका, तुमच्या मूळव्याधीचं मूळ त्या वहीत आहे. रोज चाळीस मिनिटं तिथे, मग दिवसभर पत्र्याच्या ट्रंकेवर. शिरा फुगणार नाहीत तर काय होईल?"

"मूळव्याधच ना?" मास्तरांचा आवाज प्रॉम्प्टिंगला निघतो तसा निघाला. "भाऊ आतड्याच्या आजारानं गेला हो."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "जे दिसतंय ते मूळव्याधच आहे, आणि फार वाढलेली नाही. पण रक्त दिसलं की मूळव्याधच असणार असं आपलं आपण ठरवायचं नसतं. तुमचं वय आहे, घरात आजार झालेला आहे. शनिवारी दुर्बिणीनं आतून पाहून घेऊ. तुम्हीही निश्चिंत, मीही निश्चिंत."

मग त्यांनी जे सांगितलं ते मास्तरांनी प्रवेशासारखं पाठ केलं. टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसायचं. नंतर टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. आग कमी करणारं मलम बोटाच्या पेराएवढं, तेही आठवडाभरच. जास्त दिवस लावलं तर तिथली कातडी पातळ होते. इसबगोल रोज, आणि त्यावर भरपूर पाणी, नाहीतर ते आत घट्ट बसून उलटंच करतं. भाज्या, फळं. कुंथायचं नाही. वही बाहेर ठेवून जायचं.

"आणि सलग पाऊण तासावर बसायचं नाही."

"नाटक अडीच तासांचं आहे."

"मग मधे उभे राहा. नाटकात सगळेच उभे असतात."

घरी टब आणला तेव्हा बायकोला सगळं सांगणं भाग पडलं. तिनं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. "म्हणजे आठ दिवस मी भलत्याच जागी बाम चोळत होते."

पाणी मात्र तिनंच तापवलं, कोपर बुडवून पाहिलं, आणि शनिवारी तपासणीला बरोबर गेली. आत मूळव्याधीखेरीज काही सापडलं नाही. परतताना मास्तर दोनदा म्हणाले, "काही नाही म्हणाल्या ना?" दोन्ही वेळा बायकोनं तेवढ्याच धीरानं सांगितलं, "काही नाही म्हणाल्या."

रविवारी सकाळी शेवटच्या तालमीआधी मास्तर रंगमंचाच्या मधोमध येऊन उभे राहिले. तिथे ते एकतीस वर्षांपूर्वी तीन वाक्यांसाठी उभे होते. आजही तीनच होती.

"मला मूळव्याध झाली आहे. पहिला आणि तिसरा अंक मी बसून सांगेन, दुसरा उभा राहून. आवाज वरून येईल, तेव्हा मान वर करा."

दातखीळ बसली नाही. कुणी हसलंही नाही. सुतार करवतीऐवजी कात्री शोधायला गेला, वरची फट कापायला. आक्कांनी उरलेल्या मखमलीची जाडजूड गादी ट्रंकेवर आणून ठेवली. आणि नायकानं जवळ येऊन अगदी हळू विचारलं, "मास्तर, त्या पाण्यात काही घालायचं असतं का हो?"

"काही नाही. नुसतं कोमट."

"मी मीठ घालत होतो," नायक म्हणाला.

"रक्त पडतं?"

"कधीतरी."

"मग उद्या माझ्याबरोबर चला," मास्तर म्हणाले.

दुपारी नाटक उघडलं. दुसऱ्या अंकात, ऐन निरोपाच्या प्रवेशात, नायक अडकला. त्यानं मान वर केली. नव्या फटीच्या पलीकडे मास्तरांना गुंडी दिसली नाही, चेहरा दिसला. घामानं रंग ओघळलेला, भुवया उंचावलेल्या, डोळे गर्दीत आईचा हात सुटलेल्या मुलाचे. इतकी वर्षं वाक्य निसटलं की हा माणूस असा दिसत होता? मास्तर पाहतच राहिले. मग भानावर येऊन त्यांनी शब्द दिला.

पडदा पडल्यावर नायक तडक विंगेत आला. "आज उशीर केलात, मास्तर."

"तुमचा चेहरा बघत होतो."

नायकानं टॉवेलनं तोंड पुसलं. "कसा होता?"

मास्तरांनी वही मिटली आणि मखमलीच्या गादीवर जपून टेकले.

"गुंडीपेक्षा बरा," ते म्हणाले.