बॉनेटवरची हलगी

काल उस्मानपुऱ्यात कुणीतरी रद्दी जाळत होतं. तो वास नाकात शिरला आणि लोकवाद्यांच्या इतिहासाचं लिहायला घेतलेलं प्रकरण बाजूलाच राहिलं. मी थेट पोहोचले माझ्या तरुणपणी, रेडिओ केंद्राच्या अंगणात, मे महिन्याच्या दुपारी.

गाणं माझं, हलगी किसनमामांची. स्टुडिओतल्या गारव्यानं हलगीचं कातडं सैल पडलं, तिचा आवाज बसला. मामांनी बाहेर येऊन वर्तमानपत्र पेटवलं आणि नेहमीसारखी हलगी शेकायला घेतली. तेवढ्यात पहारेकरी रहीमचाचा "आग लगी, आग!" करत बादली घेऊन धावले. जाळ विझला, हलगीही चिंब. रेकॉर्डिंगची वेळ होत आलेली. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

उन्हात केंद्राच्या साहेबांची अँबॅसिडर उभी होती. मामांनी बॉनेटला हात लावून चटकन मागं घेतला. "लई झ्याक तापलीय!"

चाचांनीच ओशाळून बॉनेट पुसून दिलं. त्यावर ठेवलेली हलगी वाळली तसं मामांनी तिथंच टिपरू मारलं, तर खालचा पत्राही घुमला. त्या दिवशीच्या टेपमध्ये हलगी खणखणीत आहे, पण तो घुमारा नाही. आज त्याचीच हळहळ वाटते. तेव्हा मात्र साहेबांना दारात पाहून मी शरमेनं अर्धी झाले.

मामा खुशीत म्हणाले, "साहेब, गाडीवर लई गोड वाजतंय."

"मग गाडीपण आत घ्यायची का?" साहेब उखडले.

मामांनी स्टुडिओचं दार नीट न्याहाळलं.

"नाय जमायचं, साहेब. दार लहान पडतंय."