मावशीच्या हातावरची तुळस, आठवडाभरासाठी

आईच्या हातावर तुळशीचं गोंदण होतं. आई गेली आणि लक्षात आलं, घरातल्या एकाही फोटोत ते धड दिसत नाही. मला ते माझ्या हातावर हवं होतं. पण कायमचं? रोज बघवेल का? माझं मलाच ठरेना. आधी एअरब्रशनं आठवडाभरापुरतं काढून बघावं म्हटलं. रायपूरच्या मावशीच्या हातावर तस्संच गोंदण आहे, दोघी बहिणींनी एकाच दिवशी काढून घेतलेलं. मग काय, चलो रायपूर!

नागपूरहून सकाळची गाडी धरली की जेवायला मावशीकडे. स्टेशनबाहेर रिक्षाचा भाव आधीच ठरवा, नाहीतर मावशीची चौबे कॉलनी एकदम दिल्लीइतकी लांब होते. मावशीनं फरा केला होता, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या, वरून मिरचीची खमंग फोडणी. मी हाणला!

"काहून वाळली वं इतकी?" मावशीचं सुरूच. तिच्या हाताचा फोटो काढला आणि "तुझ्यासारखं गोंदून येते" एवढंच सांगून सटकले. एअरब्रश कोण समजावत बसेल?

दुकान शंकर नगरात. पोरानं फोटोवरून साचा कापला, हातावर चिकटवला आणि पेनासारख्या नळीतून रंग फवारला. सुई नाही, दुखणं नाही, नुसत्या गार गुदगुल्या. खर्च एका पिझ्झ्याचा.

"दीदी, हफ्ता भर आराम से चलेगा. बस तेल मत लगाना."

"हव भैया!"

परतताना बुढापाऱ्यात तलावाकाठी चाट घेतली. प्लेट धरलेल्या हातावर आईची तुळस! भर गर्दीत खुशाल रडून घेतलं.

घरी येऊन आडवी झाले ती झोपलेच. जाग आली तर मावशी माझ्या हाताला कोमट तेल-हळद खसाखसा चोळतेय.

"अवं, गोंदल्यावर सुजते नं! लावाच लागते." मग स्वतःचा काळा झालेला तळवा बघून ती किंचाळली, "अगं माय, हे तं निघून राहिलं!"

असली चिडले मी! सगळं सांगितल्यावर ती रडकुंडीला आली. "मले काय ठाऊक, पुसाचं गोंदण असते म्हून?" तिचं तोंड बघून मला हसू फुटलं, मग तिलाही.

तर मंडळी, एअरब्रश जरूर करून बघा, फक्त मावश्यांपासून जपा. मी नागपूरला परतले ती कोरा हात घेऊन. पोळ्या लाटतानाही नजर तिथंच जायची आणि जीव नुसता तुटायचा. शेवटी फोन लावला.

"मावशी, पक्कं गोंदून घेते."

"थांब मंग, मी येईन. सुई पाहून लय रडली होती तुही माय. हात मीच धरला होता तिचा."