वाणात दिलेले मासे

आमचे हे मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि महिन्याभरात सोलापूरहून काचेची टाकी घेऊन आले. सोबत काळ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे चार मासे. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे, चौघं गुण्यागोविंदानं राहतील.

दुसऱ्याच दिवशी त्यातल्या एका जोडीनं आत ठेवलेली फुटकी कुंडी बळकावली. उरलेल्या दोघांना कोपऱ्यात कोंबून त्यांच्या शेपट्या कुरतडल्या. ह्यांचा जन्म लोकांचे बांध मोजण्यात गेलेला. मोठ्या विश्वासानं ह्यांनी मधे दगड रचले, पलीकडं दुसरी कुंडी ठेवली. मोठा नर दोन्ही कुंड्यांचा मालक झाला. शेवटी मार खाणारे दोघं माझ्या लोणच्याच्या बरणीत राहायला गेले.

कळंबात आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं. ते आधी माशांना, मग माणसांना, असा नियम लागला.

दसऱ्याच्या सुमारास मादीनं कुंडीत अंडी घातली. झालं! कुकरची शिट्टी बंद, टीव्ही बंद. हे खुर्ची टाकून टाकीसमोर. माझ्या पहिल्या बाळंतपणाला हे जळकोटला मोजणीवर होते. दुसऱ्या वेळी गावातच होते, तरी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी उगवले.

पिल्लं पोहायला लागली. मी काचेला बोट लावलं की नर धावून यायचा.

"बघ, बाप कसा राखतोय पोरांना," हे कौतुकानं म्हणाले.

"बघतेय की. तुम्हीबी नीट बघून घ्या."

"व्हय, सकाळपासून तेच करतोय," हे म्हणाले. ह्यांना काही म्हणता काही लागलं नाही.

संक्रांतीपर्यंत पिल्लं शंभरावर गेली आणि आपसात जुंपली. त्यांना वेगळं ठेवता ठेवता माझी अंघोळीची बादलीसुद्धा गेली. एकही पिल्लू कुणाला द्यायला हे तयार नव्हते. मग हे तेरखेड्याला लग्नाला गेले, त्याच दिवशी मी हळदीकुंकू ठेवलं. प्रत्येकीला वाण म्हणून बाटलीत दोन-दोन मासे.

"अगं बाई, जिवंत वाण!" शेजारीण म्हणाली. "भांडत तर न्हाईत ना?"

"सुरुवातीला भांडतात. मग दोघातलं एक गप बसायला शिकतं."

बायका लई हसल्या.

संध्याकाळी ह्यांनी पालथ्या बादल्या पाहिल्या. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस मला बरे गेले.

तिसऱ्या दिवशी शेजारणीचे यजमान बाटली घेऊन दारात. "साहेब, एकानं दुसऱ्याचा डोळा फोडलाय. काय करावं?"

ह्यांचा चेहरा असा फुलला! "या, बसा. अगं, चहा टाक."

मग दुसरे आले, तिसरे आले. आता रोज दुपारी चारला सात-आठ निवृत्त पुरुष आमच्या बैठकीत बसून माशांच्या हद्दी ठरवतात. मासे कमी झाले, माणसं वाढली. आणि त्यातल्या एकालाही आपला कप उचलून मोरीत ठेवायचं अजून सुचलेलं नाही.