क्रेनच्या आड अडकलेली ओवी

शेवंताचा कार्यक्रम रविवारी चार वाजता टीव्हीवर आहे, असं मी तुम्हाला इथेच सांगितलं होतं. किती जणांनी बघितला?... राहू दे. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी माणसं तुम्ही, तुमच्याकडून काय अपेक्षा धरायची!

शेवंता म्हणजे माझी धाकटी बहीण, विठ्ठलवाडीला असते. आम्ही दोघीही शाळेची पायरी चढलो नाही... हेसुद्धा मी बोलतेय आणि माझी नात रिया फोनवर लिहून इथे टाकतेय. पण आईच्या जात्यावरच्या ओव्या दोघींना पाठ, आणि त्या ओव्यांसाठीच शेवंताच्या महिला मंडळाला टीव्हीवाल्यांनी बोलावलं होतं.

त्यातली एक ओवी माझ्यावर आहे. दळताना आई लेकींची नावं ओवीत गुंफायची. शेवंताला तिने चांदणी केलं, आणि माझ्या वाट्याला हे आलं...

थोरली माझी हौसा, दळताना करी घाई
पीठ निघं भरडं, भाकर गोल होत न्हाई

लग्न असो, बारसं असो, शेवंता ही म्हणते आणि माझ्याकडे बघून हसते. या वेळी ती शूटिंगला निघाली तेव्हाच मी तिला फोनवर बजावलं होतं, "शेवंते, अख्ख्या महाराष्ट्रापुढे माझी भाकरी काढलीस तर याद राख." ती म्हणाली, "नाही गं अक्का, शप्पथ." तिची शप्पथ मला माहीत आहे. म्हणून तो कार्यक्रम मला स्वतः बघायचाच होता.

आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा टीव्ही रुसला. चांगली चाललेली माणसं मध्येच चौकोन चौकोन व्हायची, आवाज तुटायचा... मग मधोमध ती पाटी. मला वाचता येत नाही, पण ती पाटी मी स्वयंपाकघरातूनही ओळखते. सिग्नल गेला.

माझ्या मुलाने, नितीनने, बॉक्स बंद करून चालू केला. वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. मग म्हणाला, "आई, तू रिमोटवर काहीतरी दाबतेस." आमच्याकडे काहीही बिघडलं की आधी माझं बोट तपासतात.

डिशवाला आला तो भर दुपारी, जेवणाच्या वेळेला. टीव्ही अगदी लख्ख. "आजी, चालू आहे की!" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तो गेला आणि थोड्या वेळाने पाटी परत हजर... नितीन माझ्या बोटाकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी लसूण घेऊन खिडकीत बसले. कान टीव्हीकडे, डोळे बाहेर. शेजारची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर बांधतायत, त्याची उंच क्रेन फिरत होती. तिचा लांब हात आमच्या डिशसमोर आला की आवाज तुटायचा, पुढे सरकला की परत यायचा. कामगार जेवायला बसले की क्रेन थांबायची, मग टीव्ही एकदम शहाणा. डिशवाल्याला काय डोंबल दिसणार होतं!

नितीनला उभं करून दाखवलं. "च्यायला... खरंच की," म्हणाला. मग त्यानेच हिशोब मांडला, रविवारी काम बंद, म्हणजे क्रेन उभी, म्हणजे प्रश्न मिटला.

रविवारी मी इरकल नेसून बसले. शेवंताला काही मी दिसणार नव्हते, तरीपण... आणि चारच्या आधी खाडीकडून वारा सुटला. बंद क्रेनचा हात म्हणे मोकळा सोडतात, वारा नेईल तिकडे तो वळतो. तो डुलत डुलत आला आणि आमच्या डिशसमोर येऊन ठाण मांडून बसला. पाटी!

नितीन खाली पळाला. तिथल्या वॉचमनने सांगितलं, "साहेब, ऑपरेटर गावाला गेलाय. आता क्रेन वारा चालवतोय, त्यालाच विचारा."

विठ्ठलवाडी काही लांब नाही, पण आमचे तीन जिने, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे... नितीन मला उचलून न्यायला निघाला होता. म्हटलं, मी काय गॅसचा सिलिंडर आहे?

शेवटी रियाने शेवंताला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तिच्या टीव्हीजवळ ठेवायला सांगितला. मला दिसत होता तो फक्त शेवंताच्या घरचा पंखा. म्हटलं, असू दे... ओवी ऐकायला तोंड कशाला दिसायला हवं.

एकेक ओवी येत गेली. चांदणीची झाली. आता माझी... आणि मंडळ सरळ पुढच्या ओवीवर गेलं. गाळली! पोरीने शप्पथ पाळली.

रिया म्हणाली, "आजी, वाचलीस." मी हूं म्हटलं. आनंद व्हायला हवा होता, तसा काही झाला नाही. आईने ओवीत माझं नाव घेतलं ते त्या एकाच जागी, भरड्या पिठात... आणि तेच मी काढायला लावलं होतं.

तेवढ्यात फोनच्या अगदी जवळ कोणीतरी खाकरलं. मागे टीव्हीवर मंडळ गातच होतं, आणि इकडे शेवंताने हळू आवाजात धरलं... थोरली माझी हौसा. दोन्ही ओळी, सावकाश, आई म्हणायची तशा. आणि वर म्हणते कशी, "अक्का, शप्पथ टीव्हीची होती. फोनची नव्हती."

आमचा टीव्ही चांगला असता तर मी तो इथेच बघितला असता, आणि हे राहून गेलं असतं. डिशवाला आता डिश दुसऱ्या खिडकीला लावून देणार आहे. येईल तेव्हा येईल, मला घाई नाही.

शेवंते, तुझी सून हे तुला वाचून दाखवेलच. येत्या रविवारी तिच्या हाती ज्वारीच्या भाकऱ्या आणि मिरचीचा खर्डा पाठव. भाकऱ्या गोल हव्यात... रिया फोटो काढून इथे टाकणार आहे.